घाट न चढणारा आकडा

"तेवढा डेटा साफ करून घ्या मॅडम," साहेब म्हणाले. पडद्यावर माझ्या मामाच्या स्कूटरचा आलेख होता. बाकी सगळ्यांच्या रेषा एका ओळीत नीट चालल्या होत्या आणि मामाची रेषा खाली घसरून, वाकडीतिकडी होऊन, मध्येच तुटली होती. साफ करायचं म्हणजे ती रेषा काढून टाकायची.

तेव्हा मी साताऱ्याच्या एमआयडीसीत स्कूटरची पेट्रोल इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीत होते. माझं काम संगणकावरचं. सिलिंडरमध्ये हवा कशी शिरते, पेट्रोलचा फवारा कुठे जातो, ठिणगी पडल्यावर ज्वाळा कशी पसरते, हे सगळं आधी गणितात चालवून बघायचं. त्याला सिम्युलेशन म्हणतात. पडद्यावर ज्वाळा निळ्यापासून लालपर्यंत रंगांत उमलत जाते. पाहुण्यांना ते फार आवडायचं. आठवडाभर संगणक गणित करत बसतो, मग एक चित्र तयार होतं, आणि त्या चित्रावरून पिस्टनचा माथा किती फुगवायचा, हवेची वाट किती वाकडी करायची, ते ठरतं. त्याप्रमाणे खरं इंजिन बनवून चाचणीच्या खोलीत बाकावर बसवतात, त्याच्यावर बोजा टाकतात आणि ते किती पेट्रोल पितं ते मोजतात.

मी सांगलीची. आमच्या घरात वकील आणि शिक्षक. इंजिनाला हात लावणारी मी पहिलीच. मला या कामाचं खरंच वेड होतं, हे आधीच सांगते, नाहीतर पुढची किळस कळायची नाही. करपलेल्या तेलाचा वास, काजळी, नखात बसलेलं काळं, यातलं काही मला कधी घाण वाटलं नाही. डबा खाताना हाताला पेट्रोलचा वास यायचा आणि मी तशीच भाकरी मोडायचे.

नव्या इंजिनात आम्ही दाब वाढवला होता. पेट्रोल जितकं जास्त दाबून पेटवावं तितकं त्यातून काम जास्त निघतं, हे जुनंच शहाणपण. पण एका मर्यादेपलीकडे दाबलं आणि त्यात उष्णता चढली, तर पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आपलं आपण कुठेतरी पेटतं आणि सिलिंडरमध्ये हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतात, इंजिन ठोकतंय. हल्ली स्कूटरमध्ये बसवलेला छोटा संगणक तो ठोका ओळखतो, ठिणगी उशिरा टाकतो आणि जास्त पेट्रोल ओतून आतला भाग गार करतो. इंजिन वाचतं. पण ताकद जाते आणि दाब वाढवून वाचवलेलं पेट्रोल दुप्पट खर्ची पडतं.

माझ्या गणितात इंजिन ठोकत नव्हतं. बाकावरही ठोकत नव्हतं. लिटरला किती किलोमीटर, तो आकडा सुंदर आला होता. साहेबांनी तो मुख्य कार्यालयात कळवून टाकला आणि तिथून तो जाहिरातवाल्यांकडे गेला. मग त्या आकड्याला जणू दात फुटले. कुणीही त्याच्या विरुद्ध बोललं की तो चावायला धावायचा.

बाकावरचं काम बघायचा तो पलूसकडचा एक निवृत्त जवान. सैन्यात गाड्यांची दुरुस्ती करून आलेला. सगळे त्याला फौजीच म्हणत. दिलदार माणूस. त्याच्या घरच्या भाजलेल्या शेंगा सगळ्या विभागाला पुरायच्या. एकदा मी चाचणीच्या खोलीत लवकर गेले, तर याने इंजिनासमोर भलामोठा पंखा लावलेला, खोलीतला एसी कमी अंशावर आणलेला आणि प्रत्येक मोजणीच्या आधी इंजिन पार गार होऊ द्यायचं चाललेलं.

"हे असं रोज करता?" मी विचारलं.

"आवं म्याडम, परीक्षेला बसणाऱ्या पोराला आंघोळ घालून, दही-साखर देऊनच धाडत्यात की," तो हसत म्हणाला. "आकडा चांगला यायला पायजे न्हवं? मग येणारच!"

तो अभिमानाने सांगत होता. मलाही हसू आलं होतं, आणि हसता हसताच मी थांबले. कारण माझ्या गणितातही आत येणारी हवा अशीच गार धरलेली होती. गणिताचा साचा परदेशातून आलेला, तापमानाचा रकाना आधीच भरलेला. मी दोनदा म्हटलं होतं की आपल्याकडची एप्रिलमधली हवा घालून बघू. साहेब म्हणाले होते, "तुलना बिघडेल. सगळे हाच साचा वापरतात."

त्यानंतर काही झाकलेल्या स्कूटर साध्या माणसांना वापरायला द्यायचं ठरलं. अंगभर काळ्यापांढऱ्या चौकड्यांची पट्टी चिकटवलेली, नाव कुठेच नाही. माणसं निवडली ती सगळी सातारा शहरातली, बारीक चणीची, कॉलेजात शिकवणारी किंवा बँकेत जाणारी. मी म्हटलं, निदान एक तरी खेड्यातला द्या. कुणी मिळेना, तेव्हा मी आष्ट्याच्या मामाचं नाव सुचवलं. मामाचं तिथे पशुखाद्याचं दुकान. पुढे पायाशी पेंडीचं पोतं, मागे मामी किंवा दुसरं पोतं, आणि उसातल्या वाटांनी वस्त्यावस्त्यांवर पोचवायचं. शिवाय त्याची मुलगी पाचगणीजवळ स्ट्रॉबेरीवाल्या घरात दिलेली. महिन्यातून एकदा मामा-मामी स्कूटरवरूनच घाट चढून तिच्याकडे जायचे. एसटीने जा म्हटलं तर म्हणायचा, "पोरीसाठनं पिठाचा डबा, शेंगा, लोणचं, समदं एसटीत कोण चढवायचं?"

मामाने स्कूटर घेतली आणि पंधरवड्यातच फोन आला.

"आगं पोरी, हे यंत्र सपाटीला गुणी हाय, पर पोतं ठेवलं की कुथतंय बघ. उसाच्या वाटंला तर लय तापतंय. मामी म्हनती, सीट न्हवं, तवा हाय ह्यो."

"आवाज येतो का?"

"टिणटिण टिणटिण करतंय. मग एकदम मऊ पडतंय. आन् प्याट्रोल? दारुड्यावानी पितंय. त्यात म्हनं आता आमच्याच उसाचं इथेनॉल मिसळत्यात. आमचाच माल आमाला डबल!"

स्कूटरमध्ये नोंदी टिपणारी एक डबी होती. ती उघडून बघितलं तर मामा म्हणाला तसंच. सावकाश वेग, जड ओझं, ऊन. इंजिन सीटखालच्या बंद पेटाऱ्यात आपलीच गरम हवा परत परत ओढत होतं. ना थंड खोली, ना समोर पंखा. माझ्या गणितात ज्या हवेने ते चालत होतं ती हवा आष्ट्यात कार्तिकाच्या पहाटेलाच मिळाली असती.

तोच आलेख पडद्यावर होता, आणि साहेब म्हणत होते, साफ करा.

"साफ का?" मी विचारलं.

"हा घाण डेटा आहे. शंभर किलोच्या वर बोजा, पायाशी पोतं, हा ग्राहकाकडून झालेला गैरवापर आहे."

"ते रोज असंच वापरतात, सर. आमच्याकडे अर्धा जिल्हा असंच वापरतो."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते पुण्याचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. "शिवाय ते तुमचे नातेवाईक आहेत. म्हणजे ही नोंद निःपक्षपाती म्हणता येणार नाही. नियमच आहे तसा."

खोलीत आठदहा जण होते. सगळे इंजिनिअर, सगळ्यांना इंजिन का ठोकतं ते माहीत. एकजण पडद्यावर बघून म्हणाला, "ती रेषा काढल्यावर काय छान दिसतंय!" आणि खरंच छान दिसत होतं. मला तिथेच मळमळलं. खोटं मी आधीही बघितलं होतं. पण माझा मामा, त्याचं पोतं, मागे बसलेली मामी, त्यांचं घामाने भिजलेलं अंग, हे सगळं पुसून टाकायची घाण आहे असं इतक्या सोज्वळ आवाजात बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी ती रेषा काढली नाही. म्हटलं, "सर, तुम्ही स्वतः एकदा बसून बघा. घाट चढून बघा. मग तुम्ही म्हणाल ते."

साहेब नाही म्हणणार होते. पण मागून फौजी बोलला, "बसा की साहेब एक डाव. हाय काय त्यात!" सगळे हसले आणि साहेबांना हो म्हणावं लागलं.

पुढच्याच आठवड्यात पाचगणीला वरिष्ठांची बैठक होती. साहेब म्हणाले, त्याच दिवशी वाईपर्यंत गाडीने येतो, तिथून स्कूटरवर. एप्रिल संपत आलेला. फौजी आणि मी टेंपोतून स्कूटर घेऊन वाईला थांबलो होतो. दुपारच्या उन्हात डांबर चिकटत होतं. साहेब इस्त्रीच्या शर्टात आले. फौजीने पायाशी पेंडीचं पोतं ठेवलं. साहेब त्याच्या वासाने जरा मागे सरले, पण काही न बोलता बसले. मागे मी बसले.

सपाटीला स्कूटर मजेत पळाली. साहेब मान वळवून म्हणाले, "बघा, काय वाईट आहे?" मग पसरणी घाट लागला. सुट्ट्यांचे दिवस, मोटारींची रांग वरपर्यंत. पुढे सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. दुसऱ्या वळणाच्या आत टिणटिण सुरू झालं. साहेबांनी ऐकलं, कारण त्यांची पाठ ताठ झाली. मग स्कूटर मऊ पडली. मूठ पूर्ण पिळली तरी ती चालत्या माणसाच्या वेगाने चढेना. आमच्या पुढची बस काळा धूर थेट तोंडावर सोडत होती. कठड्याकडेला चिप्सची पाकिटं, ज्यूसचे पेले, केळ्याच्या साली, पोरांचे डायपर, आणि त्यांच्यावरून भांडणारी माकडं. बाजूच्या मोटारीतून एका मुलाने खिडकीबाहेर डोकं काढून भडाभडा ओकलं आणि थोडं साहेबांच्या बुटावर उडालं. त्याच क्षणी इंजिन बंद पडलं.

साहेब खाली उतरले. नाकाला रुमाल लावला. पुन्हा चालू करून बघितलं, ते चालू होईना. सीट इतकी तापली होती की त्यावर हात ठेववत नव्हता. मागचे भोंगे वाजवत होते. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी खरं बोलेल. एवढा शिकलेला, एवढी इंजिनं उघडून बघितलेला, आणि पुढ्यात ते मरून पडलेलं.

रुमालातूनच ते म्हणाले, "ही चाचणी ग्राह्य धरता येणार नाही. ट्रॅफिक होतं."

"सर, घाटात ट्रॅफिक असतंच."

"आपल्या चाचणीच्या पद्धतीत नाही."

मग त्यांनी वर जाणारी एक टॅक्सी थांबवली, माझ्याकडे न बघता आत बसले आणि काच वर केली. मी आणि पोतं आणि स्कूटर कठड्यापाशी. एक माकड येऊन पोत्याचा टाका उसवायला लागलं, त्याला मी चप्पल दाखवून हाकललं. फौजी टेंपो घेऊन येईपर्यंत मी त्या ओकारीच्या वासात उभी होते.

टेंपोत बसल्यावर मी फौजीला म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं ना, हे असं होणार?"

"व्हय की."

"मग तो पंखा कशाला लावत होता?"

त्याने पुढचं वळण काढलं. "म्याडम, सैन्यात सायेब यायच्या आधी आमी झाडाची बुंधंबी चुन्यानं रंगवायचो. झाड बरं हाय का वाळलंय, ते कोण बघत न्हाई. सवय लागती." आणि शेंगांची पुडी माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. त्या दिवशी मला त्याचाही वीट आला होता.

बैठकीत मात्र एक वरिष्ठ बाई होत्या. साहेब टॅक्सीतून का आले, असं त्यांनी सहज विचारलं. साहेबांनी काय सांगितलं ठाऊक नाही, पण दोन दिवसांनी मला त्या बाईंचा फोन आला आणि मी सगळं सांगितलं. त्यांनी थोडक्यात म्हटलं, "दुसरं करून दाखवा. वेळ देते."

ते महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले. मी साचा फोडला. आत उन्हाळ्याची हवा घातली, सीटखालची कोंडी घातली, पुढचं-मागचं ओझं घातलं. पडद्यावरची सुंदर ज्वाळा एकदम कुरूप झाली. कोपऱ्याकोपऱ्यात भलतीकडेच लाल ठिपके पेटायला लागले. पहिल्यांदाच ते चित्र मला खरं वाटलं. दाब थोडा उतरवला, हवेची वाट अशी वळवली की पेट्रोल भराभर जळावं, ठोक्याला सवडच मिळू नये. इंजिनावरच्या झाकणाला वेगळी फट दिली, गरम हवा मागून निघून जावी म्हणून. फौजीने आपणहून पंखा बंद केला आणि चाचणीच्या खोलीत हीटर लावले. आम्ही दोघं घामाने निथळत, ओल्या टॉवेलने तोंडं पुसत मोजणी करायचो. तो म्हणायचा, "म्याडम, राजस्थानात पोस्टिंग झाल्यागत वाटतंय."

नवं इंजिन मामाच्या स्कूटरमध्ये बसवलं. चार दिवसांनी फोन.

"आता चढतंय बघ! मामीला घिऊन पार पोरीच्या दारात गेलो. कुठं टिणटिण न्हाई, काय न्हाई. प्याट्रोलबी बेतानं."

मामाने दसऱ्याला त्या चौकड्यांच्या स्कूटरची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मामीने फोटो पाठवला.

त्यानंतर निर्णयाची बैठक झाली. थंड खोलीतल्या ठरलेल्या चाचणीत नव्या इंजिनाचा आकडा जुन्यापेक्षा किंचित कमी येत होता. किंचितच. घाटात, उन्हात, ओझ्याखाली ते कितीतरी सरस होतं, पण तिथला आकडा कुठे छापायचा रकानाच नव्हता. जाहिरातवाला म्हणाला, "समोरच्या कंपनीपेक्षा आपण खाली दिसू." वरिष्ठ बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. जुनं इंजिनच बाजारात न्यायचं ठरलं. गरम झाल्यावर ताकद आणखी लवकर कमी करायची, म्हणजे निदान बंद पडणार नाही, एवढी दुरुस्ती. साहेब समाधानाने म्हणाले, "दोन्ही बाजूंचा विचार झाला."

चाचणीच्या गाड्या विकता येत नाहीत, मोडाव्या लागतात. मामा स्वतःच स्कूटर घेऊन साताऱ्याला आला. एवढ्या लांब चालवत, जड मनाने. म्हणाला, "मला बघू द्या कशी मोडता ती." आत सोडायची परवानगी नव्हती, पण फौजीने त्याला फाटकाच्या जाळीपाशी उभं केलं. गॅसकटर फौजीच्याच हातात होता. आधी त्याने हँडलवरची वाळलेली झेंडूची माळ काढून बाजूच्या झाडाच्या बुंध्याशी ठेवली. मग सांगाडा कापला. इंजिनावर मोठं यंत्र उतरलं आणि माझ्या सगळ्या महिन्यांचा एक चपटा गोळा झाला.

"चांगलं व्हतं की गं ते," मामा म्हणाला. "मोडायचंच व्हतं तर चांगलं केलंसा कशाला?"

मामा जाळीपासून वळला आणि रस्त्याच्या कडेला पचकन थुंकला. एवढा शांत माणूस. त्याला मी कधी कुणावर ओरडतानाही बघितलं नव्हतं.

संध्याकाळी मी साहेबांच्या खोलीत जाऊन राजीनामा देते म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला.

"नाराज आहात. समजू शकतो."

"नाराज नाही, सर. मला किळस येते."

त्यांना तो शब्द खरंच कळला नाही. ते माझ्याकडे काळजीने बघत राहिले, जणू मी आजारी आहे. "किळस कशाची? आपण कुठलाही नियम मोडला नाही. एकही आकडा खोटा नाही."

"तेच तर," मी म्हटलं आणि चहा तसाच ठेवून उठले.

स्कूटर बाजारात आली. हमरस्त्यावर मोठे फलक लागले, त्यावर तो आकडा माणसाच्या उंचीचा. आष्ट्यातल्या स्कूटरच्या दुकानात मामा बघायला गेला होता. चालवून परत आला आणि विक्रेत्याला म्हणाला, "ह्यो त्यो न्हवं." विक्रेत्याला काही कळलं नाही. मामाने सांगलीतून एक जुनी, कुठल्या दुसऱ्याच कंपनीची स्कूटर घेतली. वाईच्या दुरुस्ती केंद्रात घाटाच्या तक्रारी यायला लागल्या तेव्हा तिथे सांगायचे, चालवायची पद्धत चुकतेय, चढाला शक्यतो एकट्याने जा. हे मला फौजीने फोनवर सांगितलं. तो अजून तिथेच आहे. हीटर कपाटात गेले, पंखा परत आला.

मी आता सांगलीत एका छोट्या कारखान्यात आहे. द्राक्षबागेत फवारणीच्या पंपाला लागणारी लहान पेट्रोल इंजिनं आम्ही बनवतो. मालक तोंडाचा फटकळ, गुटख्याची पिचकारी दाराशीच मारणारा. पहिल्या आठवड्यात त्याने विचारलं, "खोक्यावर ॲव्हरेज किती छापायचं, लिटरला किती तास?" मी म्हटलं, आधी भर उन्हात, बागेत चालवून बघू. शिव्या देत का होईना, तो आला. पलूसजवळच्या एका बागेत, औषधाच्या उग्र वासात, आम्ही दुपारभर इंजिन पाठीवर घेऊन हिंडलो. डोळे चुरचुरत होते. आकडा त्याने मनात धरलेल्यापेक्षा बराच खाली आला. त्याने आणखी शिव्या दिल्या, इंजिनाला, मला, उन्हाला. नंतर छापला तो खरा आकडाच छापला. फक्त इतक्या बारीक अक्षरात, की वाचायला माझ्या मामाला भिंग लागेल.